खानदेशातला पर्यटक डोंगराकडेच का वळला?

कृषी पर्यटनाची चर्चा आज केळीच्या बागेत होते. पर्यटनाचा पैसा मात्र वर्षानुवर्षे सातपुडा चढत राहिला. त्याआधी लोक फिरत ते देवदर्शनाला आणि जत्रेला. प्रकाशा, चांगदेव, पद्मालय, सारंगखेड्याचा घोडेबाजार. प्रकाशा आणि चांगदेव दोन्ही तापीच्या संगमावर, तरी नदी बघायला म्हणून कुणी जात नसे. अजिंठ्याचा पाहुणा जळगाव स्टेशनवर उतरून सरळ लेण्यांजवळच्या फर्दापूरची वाट धरी.

वाद आहे तो सातपुड्यातल्या तोरणमाळचा. सुमारे 1,150 मीटर उंचीवरच्या या पठारावर ‘थंड हवेचे ठिकाण’ असा शिक्का बसला आणि विकासाचा साचा महाबळेश्वरचा आला: पॉइंट, यशवंत तलाव, विश्रामगृह. या साच्याची बाजू घेणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. पर्यटकाला पाणी, हिरवळ आणि उंचावरून दिसणारी दरी आवडते, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. मे महिन्यात 45 अंश सोसणाऱ्या भुसावळकराला तर ती ओढ अधिकच. पण सातपुड्याचे जंगल पानगळीचे. सीताखाईचा धबधबा पावसाळ्यात गाजतो, उन्हाळ्यात डोंगर उघडे पडतात. पर्यटकाला हवे ते दृश्य चार महिन्यांचे. गावाला पोट बारा महिने.

जमिनीचा प्रश्न त्याहून कठीण. उतारावरची बरीच जमीन वनखात्याची. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथे बांधकाम अवघड झाले. 2006 च्या वनहक्क कायद्याने भिल्ल-पावरा आदिवासी कुटुंबांचा हक्क मान्य केला, पण तो राहण्याचा आणि कसण्याचा. पाहुण्यांसाठी दोन खोल्या वाढवायच्या तर कुणाच्या परवानगीने? हा विचार डोंगरावर रस्ता नेण्याआधी व्हायला हवा होता.

दरम्यान तापीकाठच्या काळ्या मातीकडे दृश्य म्हणून कुणी पाहिलेच नाही. खरे तर हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्या म्हणजे इथले जुने शेतपर्यटनच: बामणोदची वांगी, वाळक्या काड्यांचा जाळ, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. जळगावची केळी आणि भरिताचे वांगे यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2020 मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले आणि शेतावरच्या मुक्कामाला नोंदणीची वाट खुली झाली. जेवून रात्रीच घरी परतणारा पाहुणा शेतात मुक्काम करील का, यावर या धोरणाचे इथले यश ठरेल.