गळ्यातून कपाटात: बायझंटाइन दागिन्यांच्या संग्रहाची पार्श्वभूमी

प्राचीन वस्तूंच्या ऑनलाइन लिलावात बोटाच्या पेराएवढे ब्राँझचे क्रूस कायम विकायला असतात. काही नुसते सपाट, वर वर्तुळं कोरलेली. काही दोन झाकणांचे, डबीसारखे उघडणारे. खालचं वर्णन ठरलेलं: ‘बायझंटाइन, १० वे ते १२ वे शतक, जुन्या युरोपीय संग्रहातून.’ यातले पहिले दोन तपशील वस्तूबद्दल काही सांगतात. तिसरा सांगण्यापेक्षा झाकतोच जास्त. हे शेपूट वर्णनाला कसं चिकटलं, ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

आधी नावाचा घोळ. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) ही नवी राजधानी वसवली आणि २९ मे १४५३ रोजी ती तुर्कांच्या हाती पडली. मधली अकराशे वर्षं तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत होते. त्या साम्राज्याला ‘बायझंटाइन’ म्हणायची रीत १६ व्या शतकातल्या हिएरोनिमुस वोल्फ या जर्मन पंडितापासून रुळली, म्हणजे साम्राज्य बुडून शंभर वर्षं झाल्यावर.

सोनं या राज्याचा कणा होता. एका रोमन पौंडात ७२ बसतील असं, साधारण साडेचार ग्रॅमचं ‘सॉलिडस’ नाणं शतकानुशतकं जवळपास त्याच कसाचं राहिलं. असं नाणं दागिन्यात आपसूक येतं. पदकात, हारात, कमरपट्ट्यात ते जडवत. पाचव्या शतकात सम्राट पहिला लिओ याने फर्मान काढलं की घोड्याच्या लगामाला, खोगिराला आणि पुरुषांच्या पट्ट्याला मोती, पाचू, नीलमणी लावायचे नाहीत. तो मान राजाचा. बायकांच्या दागिन्यांना मात्र सूट होती. सहाव्या-सातव्या शतकातली चंद्रकोरीच्या आकाराची कर्णभूषणं, त्यात जाळीकामातले समोरासमोर उभे दोन मोर, हे त्या काळातल्या सोनारांचं आवडतं काम. नुसता फोटो दाखवला तर आपल्याकडचा सोनार ती इथलीच म्हणेल.

आपल्याकडचा संबंध तेवढ्यावर थांबत नाही. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लिआना’ नावाच्या बंदराचा आणि तिथल्या, पर्शियातून नेमलेल्या बिशपचा उल्लेख केला आहे. ते बंदर म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दक्षिण भारतात सापडलेल्या सॉलिडस नाण्यांपैकी अनेकांना सम्राटाच्या डोक्यावर दोन भोकं पाडलेली आहेत, म्हणजे इथे ती गळ्यात गेली. आणि आजीच्या डब्यातली पुतळ्यांची माळ? ‘पुतळी’ हे मुळात व्हेनिसच्या डुकाट नाण्याचं आपल्याकडचं नाव. १२८४ पासून पाडलेल्या त्या नाण्यावर एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक आणि दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात उभा येशू असे. ही धाटणी व्हेनिसने बायझंटाइन नाण्यांवरूनच उचलली होती.

पण खरी गंमत सोन्यात नाही, स्वस्त वस्तूंत आहे. अँटिऑकचा धर्मोपदेशक जॉन क्रिसॉस्टम चौथ्या शतकाच्या अखेरीस आयांवर चिडायचा: लेकरांच्या हातात घुंगरू काय बांधता, लाल दोरा काय बांधता, क्रूस पुरेसा नाही का? आयांनी मान डोलावली असेल आणि दोराही ठेवला असेल. कारण पुढच्या दोन-तीन शतकांत ब्राँझचे ताईत उदंड झाले. एका बाजूला भाल्याने हडळीला भोसकणारा घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला दुष्ट डोळा आणि त्याच्यावर तुटून पडलेले सिंह, साप, खंजीर. दृष्ट काढण्याचाच हा प्रकार, फक्त धातूत कोरलेला.

यात्रेकरूंचा माल वेगळा. अलेक्झांड्रियाजवळच्या अबू मेना इथून लोक संत मेनासच्या मातीच्या कुप्या आणत. कुपीवर हात पसरून उभा संत आणि पायाशी दोन उंट. सीरियात खांबावर बसून तप करणाऱ्या सिमिऑनच्या जागेवरून तिथल्याच मातीचे ठसे मिळत. म्हणजे आपला अंगाराच. जेरुसलेमहून येशूच्या क्रूसाच्या लाकडाला लावलेलं तेल शिसे-कथलाच्या छोट्या कुप्यांतून निघे. उत्तर इटलीत मोंझाच्या चर्चमध्ये त्या कुप्या राहिल्या आहेत. लोम्बार्ड राणी थिओडेलिंडाने सातव्या शतकाच्या सुरुवातीला त्या दिल्या असं परंपरा सांगते.

पूजेत प्रतिमा असाव्यात की नाही, हा मूर्तिभंजनाचा वाद ८४३ मध्ये मिटला आणि प्रतिमांना मोकळीक मिळाली. दोन झाकणांचे ते क्रूस त्यानंतरच्या शतकांत घरोघरी पोचले. त्यांना ‘एन्कोल्पिऑन’ म्हणतात, म्हणजे ‘छातीवरचं’. आत संताच्या हाडाचा कण किंवा लाकडाची ढलपी ठेवायची. आज ते बहुधा रिकामेच मिळतात.

पहिला मोठा ‘संग्रह’ लुटीतून झाला. १२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटलं. त्यांना कारागिरीपेक्षा आतले पवित्र अवशेष, म्हणजे संतांची हाडं किंवा क्रूसाचं लाकूड, जास्त हवे होते. हाइनरिख फॉन उल्मेन नावाच्या सरदाराने मीनाकारीची एक अप्रतिम पेटी जर्मनीला नेली. ती आता लिम्बुर्कमध्ये आहे, आणि वाचली ती आतल्या क्रूसाच्या लाकडामुळे. नंतरची कित्येक शतकं पश्चिम युरोपात बायझंटाइन कलेला कुणी विचारत नव्हतं. ग्रीक आणि रोमन मूर्तींपुढे ती ऱ्हासाची कला ठरली होती.

वारं फिरलं १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तेही रशियात, कारण ऑर्थोडॉक्स चर्चमुळे रशियन लोक स्वतःला कॉन्स्टँटिनोपलचे वारस मानत. अलेक्झांडर झ्वेनिगोरोद्स्की याने बायझंटाइन मीनाकारीचा संग्रह केला आणि १८९२ मध्ये निकोदिम कोंदाकोव या विद्वानाकडून त्यावर तीन भाषांत मिळून ६०० प्रतींचा राजेशाही ग्रंथ काढून घेतला. त्यातली काही पदकं जॉर्जियातल्या जुमाती मठातल्या एका प्रतिमेच्या चौकटीवरची होती. मठातून ती बाहेर पडली कशी, हा प्रश्न ग्रंथाच्या थाटामाटापुढे कुणाला सुचला नसावा. पुढे ती अमेरिकन धनिक जे. पी. मॉर्गनकडे आणि तिथून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेली.

मागणी वाढली तसा माल ‘सापडू’ लागला. सेंट पीटर्सबर्गच्या मिखाइल बोत्किनच्या संग्रहात दीडशेच्या वर मीनाकारी वस्तू होत्या. क्रांतीनंतर त्या जगभर पांगल्या आणि १९८० च्या दशकापर्यंत त्यातल्या पुष्कळशा बनावट असल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं. माझ्या मते यात बोत्किनपेक्षा तो सुंदर ग्रंथ जास्त कारणीभूत. नमुना हातात आल्यावर नकलाकाराला आणखी काय लागतं?

आता सायप्रस. १९०२ मध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या लाम्बूसा इथल्या अवशेषांत गावकरी बांधकामासाठी दगड काढत होते. त्यांना सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या चांदीच्या थाळ्या आणि सोन्याचे दागिने सापडले. दागिन्यांत सम्राट मॉरिसची पदकं आणि नाणी ओवलेला कमरपट्टा होता. पोलिसांच्या हाती थोडंच लागलं, बाकी चोरवाटेने बेटाबाहेर पडून पॅरिसच्या व्यापाऱ्यांकडे पोचलं. मॉर्गनने ते घेतलं. बायबलमधल्या दाविद राजाच्या जीवनातले प्रसंग दाखवणाऱ्या नऊ थाळ्यांपैकी सहा आज न्यूयॉर्कमध्ये आहेत आणि तीन सायप्रसची राजधानी निकोसियात. नऊ मिळून एकच गोष्ट सांगतात, पण ती सलग पाहायची तर समुद्र ओलांडावा लागतो.

पुढच्या पिढीतले संग्राहक जास्त जाणते. रॉबर्ट आणि मिल्ड्रेड ब्लिस या अमेरिकन दांपत्याने मित्र रॉयल टायलरच्या नजरेवर भरवसा ठेवून खरेदी केली. १९३१ मध्ये पॅरिसला बायझंटाइन कलेचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं आणि भाव चढले. ब्लिस दांपत्याने १९४० मध्ये वॉशिंग्टनमधलं आपलं डंबार्टन ओक्स हे घर संग्रह आणि ग्रंथालयासकट हार्वर्ड विद्यापीठाला दिलं. तिथून या विषयाचं उत्तम संशोधन झालं. आणि तरीही १९६३ मध्ये तुर्कस्तानात कुम्लुजा इथे चर्चची चांदी सापडली तेव्हा सायप्रसचाच प्रयोग पुन्हा झाला. एक वाटा अंतल्याच्या संग्रहालयात, दुसरा डंबार्टन ओक्समध्ये.

सांस्कृतिक वस्तूंचा बेकायदा व्यापार रोखणाऱ्या १९७० च्या युनेस्को करारानंतर हवा बदलली. १९८९ मध्ये अमेरिकी न्यायालयाने सायप्रसच्या कनाकारिया चर्चमधून उखडलेली मोझेक (रंगीत तुकडे जडवून केलेली) चित्रं खरेदीदाराकडून काढून परत करायला लावली. मोठ्या वस्तूंचे व्यापारी सावध झाले. जबाबदार संग्रहालयं आता १९७० च्या आधीचा कागद मागतात.

छोट्या वस्तूंचा कागद आणायचा कुठून? दोन बोटांच्या क्रूसाची पावती कुणी कधी केलीच नव्हती. १९९० च्या दशकात पूर्व युरोपच्या सीमा सैल झाल्या, धातूशोधक यंत्रं स्वस्त झाली, आणि बाल्कन प्रदेशातल्या शेतांतून असे क्रूस, अंगठ्या, ताईत हजारोंनी निघाले. त्यांच्याबरोबर नव्याने ओतलेले, मुद्दाम गंजवलेलेही आले. बहुतेकांना एकच मूळगाव मिळालं: ‘जुना युरोपीय संग्रह’.

उत्खननात तोच क्रूस थडग्यात बरगड्यांपाशी सापडला की तो बाईचा की मुलाचा, दोरा छोटा होता की लांब, शेजारी मणी होते की घुंगरू, हे कळतं. क्रिसॉस्टमचं त्या आयांनी कितपत ऐकलं, तेही कदाचित कळेल. लिलावातल्या क्रूसाच्या फोटोखाली फक्त वजन आणि उंची असते.