अंग टाकलेला कुत्रा आणि अंग चोरलेला कुत्रा

माझ्याकडे फॉस्टरला (म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरती सांभाळायला) आलेल्या पहिल्या कुत्रीचं नाव मी शांता ठेवलं होतं. कारण सरळ, ती शांत होती. भुंकायची नाही, काही कुरतडायची नाही, घरात शी-शू करायची नाही (करायचीच नाही, २०-२० तास, आणि मला त्याचं कौतुक वाटायचं!), वॉशिंग मशीन आणि भिंतीच्या मधल्या फटीत बसून असायची, जाऊन डोक्यावरून हात फिरवला तरी हलायची नाही. दुसऱ्याच दिवशी आंघोळ घातली तर मुकाट उभी राहिली. येणारा-जाणारा म्हणायचा किती गुणी आहे गं, मी पण म्हणायचे हो ना, बघा की. पाचेक आठवड्यांनी हीच शांता मी ब्रश हातात घेतला की गुरगुरायला लागली आणि मला वाटलं, झालं, चांगली कुत्री माझ्या हातून बिघडली.

बिघडली नव्हती. आधी जे होतं ते शांत नव्हतंच. रेस्क्यूवाले त्याला शटडाउन म्हणतात, आणि नवीन फॉस्टर हमखास फसतो तो इथेच, कारण शांत कुत्रा आणि शटडाउन कुत्रा फोटोत अगदी सारखे दिसतात. दोघं गप्प, दोघं पडून, दोघांचा काही त्रास नाही. मराठीत मात्र या दोघांसाठी दोन चोख शब्दप्रयोग आधीच आहेत, एकाने अंग टाकलेलं असतं आणि दुसऱ्याने अंग चोरलेलं असतं. एवढं डोक्यात ठेवून परत बघितलं की निम्मा फरक तिथेच कळतो.

शांत कुत्रा काही करत नाही कारण त्याला आत्ता काही करायची गरज वाटत नाही. शटडाउन कुत्रा काही करत नाही कारण काही करून उपयोग होतो यावरचा त्याचा विश्वासच गेलेला असतो, किंवा कधी तयारच झालेला नसतो. भीती वाटली की पळायचं नाहीतर अंगावर जायचं हे आपल्याला माहीत असतं, पण तिसरा प्रकारही असतो, जागच्या जागी थिजायचं, आणि पिंजऱ्यात किंवा चार भिंतींत पळायला वाटच नाही म्हटल्यावर बरीच कुत्री तिसऱ्यावरच येतात. बाहेरून पुतळा, आत धडधड चालूच.

यातला संशोधनाचा भाग सांगितलाच पाहिजे, क्रूर आहे पण उपयोगाचा आहे. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना विजेचे धक्के दिले. काही कुत्र्यांना डोक्याने पट्टी दाबून धक्का थांबवता यायचा, बाकीच्यांना तेवढेच धक्के पण त्यांनी काहीही केलं तरी थांबायचे नाहीत. नंतर सगळ्यांना अशा खोक्यात ठेवलं जिथे मधला अडसर ओलांडला की सुटका. पहिली कुत्री उडी मारून मोकळी झाली, दुसऱ्या गटातली बरीच कुत्री नुसती बसून धक्के खात राहिली. याला नाव पडलं शिकलेली असहायता. पण खरी गंमत पुढे आहे. २०१६ मध्ये याच दोघांनी जवळजवळ ५० वर्षांनी लिहिलं की आपलं उलटं झालं होतं, त्रास खूप वेळ चालला की निपचित होणं हे शिकावं लागत नाही, ते मेंदूत मुळातच असतं, शिकावं लागतं ते हे की माझ्या हातात काहीतरी आहे. फॉस्टरसाठी यात सगळं आलं. कुत्र्याच्या डोक्यातून काही पुसून टाकायचं नाहीये, ते आपल्याला जमणारही नाही. तू काही केलंस तर त्याने फरक पडतो, एवढं त्याला परत परत अनुभवायला द्यायचं.

आणि हो, असा प्रत्येक कुत्रा कुणाचा तरी मार खाऊन आलेला असतो असं समजू नका. पिल्लू साधारण ३ ते १२-१४ आठवड्यांचं असताना जे बघतं ते त्याला पुढे नॉर्मल वाटतं, त्या काळात ज्याने माणूस, जिना, मिक्सरचा आवाज, यातलं काही बघितलंच नाही त्याला तुमचं छान उबदार घरसुद्धा परग्रहासारखं असतं. कुणी मारलं असेल याच्या गोष्टी रचण्यात वेळ जातो आणि हातात काही येत नाही.

आता ओळखायचं कसं. अंग टाकलेला कुत्रा कुशीवर पडतो, कंबर एका बाजूला ढिली, मान जमिनीला लागलेली, तोंड सैल, मधूनच कूस बदलेल, उसासा टाकेल, उठून आळस देईल. अंग चोरलेला कुत्रा बहुतेक वेळा चारही पाय अंगाखाली घेऊन मुटकुळं करून बसतो, पाठ भिंतीला, शेपटी आत, कान मागे चिकटलेले, तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते, कारण मान न हलवता तो तुमच्यावर नजर ठेवून असतो, किंवा त्याच्या उलट, तुमच्याकडे बघतच नाही, भिंतीकडे तोंड करून तुम्ही नाहीच असं धरून चालतो. फरशीवर ओले पंजे उमटलेले दिसतील, कुत्र्याला पंजाच्या गाद्यांना घाम येतो. हात लावला तर केसांचा पुंजका हातात येतो, अचानक कोंडा दिसायला लागतो. यातली एकच खूण बघून निकाल देऊ नका, उन्हाळ्यात केस सगळ्यांचेच गळतात.

मला स्वतःला सगळ्यात खात्रीची वाटते ती झोप. शांत कुत्रा झोपतो म्हणजे खरंच झोपतो, पाय झाडतो, स्वप्नात बारीक भुंकतो, दिवसातले १२-१४ तास सहज काढतो. शटडाउन कुत्रा पडलेला असतो पण झोपलेला नसतो, तुम्ही पाणी प्यायला उठलात की डोळे उघडे. अमेरिकेतल्या ५ शेल्टर्समधल्या २०७ कुत्र्यांचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात कुत्र्यांना एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी झोपायला पाठवलं होतं. घरी असताना लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, उतरलं आणि सलग विश्रांती सगळ्यात जास्त वेळ मिळाली ती पण घरीच, शेल्टरला परतल्यावर कॉर्टिसॉल पुन्हा पहिल्याइतकं झालं. ती काही सगळी अतिघाबरट कुत्री नव्हती, त्यामुळे घरी आणलं की दोन दिवसांत बरं वाटेल असा अर्थ काढू नका. पण घराने पहिलं काय द्यायचं हे त्यातून कळतं, प्रेमबिम नंतर, आधी झोप.

तरी कळत नसेल तर एक छोटी टेस्ट. ३ सेकंद खांद्याजवळ हलकं खाजवा (डोक्यावरून हात नेऊ नका), थांबा, हात मागे घ्या आणि बघा. शांत कुत्रा उत्तर देतो, नाक लावून अजून मागेल नाहीतर उठून जाईल, दोन्ही उत्तरं चांगलीच. शटडाउन कुत्रा काहीच उत्तर देत नाही, हात असताना जसा होता तसाच हात काढल्यावर. मी शांताच्या डोक्यावरून हात फिरवत बसायचे तेव्हा ती लाड करून घेत नव्हती, सहन करत होती. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो ला काय अर्थ आहे. खाण्याचं पण तसंच, वाटी ठेवा, खोलीबाहेर जा, मोबाईल रेकॉर्डिंगला लावून जा. तुम्ही असताना दगड आणि तुम्ही गेल्यावर पाच मिनिटांनी हळूच मान लांब करून खाणारा कुत्रा शांत नसतो, तुमची जायची वाट बघत असतो.

या दोघांत एक तिसरा लपलेला असू शकतो, आजारी कुत्रा. ताप, रक्त कमी असणं, दुखणारा दात किंवा सांधा, यानेही कुत्रा असाच गप्प पडतो, त्यामुळे वर्तनाचा विचार करायच्या आधी व्हेट.

आता कुणी म्हणेल की शांत काय आणि शटडाउन काय, त्रास नाही ना मग झालं. अडचण ही की शटडाउनला शांत समजलं की आपण पुढे पुढे जातो. काही करत नाही ना, मग घाल आंघोळ, काप नखं, बोलव पाहुणे, ने बाजारात, होईल सवय. यातून दुसरी गल्लत होते, सवय लावणं आणि बुडवणं यातली. सवय लावणं म्हणजे भीतीची गोष्ट इतक्या लांबून किंवा इतकी कमी दाखवायची की कुत्रा खाऊ शकेल, इकडेतिकडे बघू शकेल, आणि तिच्यासोबत काहीतरी भारी खायला मिळालं पाहिजे. ही आयडिया जुनी आहे, १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला आवडीचं खाणं देत देत ससा हळूहळू जवळ आणला होता, आणि पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी त्याची नीट पद्धत मांडली. बुडवणं म्हणजे पूर्ण भीती एकदम अंगावर टाकायची आणि कुत्रा धडपड थांबवेपर्यंत सोडायचं नाही. वाईट भाग असा की बुडवणं यशस्वी झाल्यासारखं दिसतं. लीश लावल्यावर धडपडणारा कुत्रा दहा मिनिटांनी थांबला, बघा शिकला! शिकला नाही, थांबला. पुढच्या वेळी लीश बघूनच तो कोपऱ्यात गेला तर समजा काय शिकला ते.

औषधांतही हाच घोळ आहे. एसप्रोमेझीन हे गुंगी आणणारं औषध नुसतं दिलं तर कुत्रं सुस्त पडतं पण भीती तिथेच राहते, हलता येत नाही एवढंच, म्हणजे गोळीतून मिळालेलं शटडाउन. फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं भीतीवरच काम करतात, पण त्यांना ४-६ आठवडे द्यावे लागतात आणि ती वर्तनाची माहिती असलेल्या व्हेटकडूनच घ्यायची, घरातल्या माणसाची गोळी अर्धी करून नाही. औषध म्हणजे हार असं मानणारे खूप भेटतात, मला ते पटत नाही. भीतीने खाऊच न शकणारा कुत्रा शिकणार कसा?

मग करायचं काय, तर खूप कमी. एक लपायची जागा द्यायची आणि तिथून त्याला कधीही ओढून काढायचं नाही. जेवण, फिरणं, दिवे बंद, सगळं रोज त्याच वेळी, पुढे काय होणार हे कळणं हाही एक प्रकारचा ताबाच. खोलीत जाऊन पाठमोरं नाहीतर आडवं बसायचं, काहीतरी वाचायचं, अधूनमधून खाऊ टाकायचा पण स्वतःकडे बोलवायला नाही, त्याच्या पाठीमागे टाकायचा, म्हणजे खायला त्याला तुमच्यापासून लांब जाता येतं आणि परत यायचं की नाही हे तो ठरवतो. घाबरलेल्याला जवळ घेतलं तर भीती वाढते म्हणतात ते मात्र सोडून द्या, तो आपणहून चिकटून बसला तर बसू द्या. बाहेर नेताना लीश दोन, एक हार्नेसला, एक मानेतून न निसटणाऱ्या पट्ट्याला, कारण कालपर्यंत दगड असलेला कुत्रा फटाक्यासारखा सुटतो तेव्हा तो गुणी होता हे आठवून उपयोग नसतो. किती दिवस लागतील याला ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा एक ठोकताळा सांगतात, तो आपल्या धीरासाठी ठीक आहे, कुत्र्याने वाचलेला नसतो. फक्त अशाच अतिघाबरट कुत्र्यांसाठी अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेने २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या वीव्हरव्हिल इथे वेगळं केंद्रच सुरू केलं, म्हणजे हे काम एका वीकेंडचं नाही हे तुमच्या घरच्यांना सांगायला सोपं जाईल.

आणि मग एक दिवस गुरगुर येते. शटडाउनमधून बाहेर येणारा कुत्रा सरळ शांत होत नाही, तो आधी आवाजी होतो, चुकार होतो, नको म्हणतो, चप्पल पळवतो. बऱ्याच फॉस्टरिंग इथेच तुटतात, आधी किती चांगला होता म्हणून परत पाठवतात. गुरगुर केल्यावर ओरडलात तर ती बंद होईल, होतेच, पण बंद झाली ती फक्त सूचना, पुढच्या वेळी थेट दात. मी ब्रश खाली ठेवला. शांता थांबली, माझ्याकडे बघितलं, अंग झाडलं, असं झाडलं की कान फटफट वाजले. आपण म्हटलं आणि समोरच्याने ऐकलं, हे माझ्या घरात तिच्याशी बहुतेक पहिल्यांदाच घडलं असावं. पुढे ब्रश लांब ठेवून, मग जवळ ठेवून, मग एकदाच टेकवून, असं करत दीड महिना गेला. आता एका बाजूने करू देते, दुसऱ्या बाजूने अजून नाही.

तिला घेऊन जाणारं घर मिळालं तेव्हा माहितीच्या कागदावर "स्वभाव" असा रकाना होता. शांत लिहायला हात गेलाच होता. मग लिहिलं की नवीन घरात पहिले काही दिवस ही अगदी गप्प, कुठेही हात लावू देणारी वाटेल, तेव्हा हात लावू नका. गुरगुरली, तुमच्यासमोर जेवली किंवा पाय पसरून घोरायला लागली की मला फोन करा.