कुमक्वाट की कॅलामॉन्डिन? कुंडीतल्या छोट्या संत्र्याची ओळख

रोपवाटिकेत ‘चायना ऑरेंज’ मागितलं की हातात येतं ते बहुधा कॅलामॉन्डिन. कुमक्वाट हवं असणाऱ्याने फळ लागलेलंच झाड घ्यावं, नुसत्या पानांवर विसंबू नये.

खरी परीक्षा सालीची. कॅलामॉन्डिन हा कुमक्वाट आणि मँडरिन संत्र्याचा संकर. मँडरिनकडून त्याला सुटी साल मिळालीय, नखाने ओढली की निघते. फळ गोल, वर-खाली जरा चपटं. कुमक्वाटची साल गराला चिकटून बसते आणि आत फोडी मोजक्याच, तीन ते सहा. नागामी जातीचं फळ मोठ्या बोरासारखं लांबट असतं. पण मारुमी गोल असते, म्हणून आकारावरून निकाल लावू नका.

खाण्यात दोघांचं अजिबात जमत नाही. कुमक्वाट सालीसकट खायचं. साल गोड, रस आंबट. खाण्याआधी बोटांत जरा चोळा, सालीतलं तेल सुटतं आणि चव खुलते. सोलून खाल्लंत तर चांगला भाग फेकलात! कॅलामॉन्डिन तसं तोंडात टाकलं तर आंबटपणाने डोळे गच्च मिटतात. ते पिळायचं फळ. फिलिपिन्समध्ये हिरवं असतानाच मासे, नूडल्स, सरबत सगळ्यावर पिळतात. आपल्याकडे पोह्यांवर, मिसळीवर कागदी लिंबाच्या जागी खुशाल चालतं, वर संत्र्याचा वास फुकट. सांगलीचा गूळ आणि हळद घालून याचं लोणचंही झकास होतं.

लावायला कॅलामॉन्डिन सोपं. ऊब मिळाली तर जवळजवळ वर्षभर फुलतं, आणि एप्रिल-मेमध्ये बाजारातलं लिंबू महागतं तेव्हा झाडावर चार फळं असली तर बरंच. कुमक्वाट थंडीत झोपतं, फूल उशिरा उन्हाळ्याकडे धरतं. चीनमधलं हे झाड थंडी भरपूर सोसतं, ऊनही आवडतं. धीर मात्र तुम्हाला हवा. फळाला केशरी रंग रात्रीच्या गारव्याने चढतो, त्यामुळे साताऱ्यात तो सांगलीपेक्षा चांगला येतो.

दोघांचा खरा शत्रू नदीकाठची काळी माती. शेतात ती सोनं असेल, कुंडीत चिखल होऊन मुळं कुजवते. लाल माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत घ्या. बोअरचं जड पाणी सतत घातलं तर नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता, तिथे आणखी युरिया टाकून उपयोग नाही. कोवळ्या फुटव्यावर पान आतून पोखरणारी नागअळी आणि पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी फुलपाखराची अळी येते. दोन-चार झाडं असतील तर फुलपाखराची अळी हातानेच वेचावी.

माझं विचाराल तर एकच कुंडी असेल, तर कॅलामॉन्डिन. कुमक्वाट ज्याला सालीसकट खायचंय त्यानेच घ्यावं, आणि तेही कलम. बियांचं रोप वाढायला रेंगाळतं. लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर राहील एवढं पाहा, आणि त्याखालून येणारा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या रोपाचा, फुटवा दिसताक्षणी खुडून टाका.