कपड्यांची खोली आणि छताखालची जमीन

मुंबईच्या बंद कापड गिरण्यांत कॅमेरा घेऊन शिरणारे चिमणीचे आणि साचेखात्याचे, म्हणजे मागांच्या खात्याचे, फोटो हमखास काढतात. कामगारांच्या कपडे बदलायच्या खोलीकडे क्वचितच कोणी वळतं. खरं तर गिरणगाव, म्हणजे गिरण्यांचा आणि कामगारांचा हा भाग, समजून घ्यायला ती खोली जास्त उपयोगी आहे.

सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवत. कापसाचे तंतू घामेजल्या अंगाला चिकटत. म्हणून बाहेरचा सदरा-लेंगा खुंटीला अडकवायचा आणि बनियन-चड्डीवर साच्यापुढे उभं राहायचं. 1948 च्या कारखाने कायद्यात कपडे ठेवायच्या आणि ओले कपडे वाळवायच्या जागेचा उल्लेख आला, पण तशी सक्ती करणारे नियम करायचे की नाही, हे राज्यांवर सोडलं.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि प्रश्न उरला तो जमिनीचा.

मुंबईच्या 1991 च्या विकास नियमावलीने गिरणीची जमीन विकासाला काढल्यास तिचे तीन वाटे ठरवले: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, उरलेला मालकाचा. 2001 मध्ये नियम बदलला. आता वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. बांधकाम पाडून रिकामी होणारी जागा वाटणीतून बाहेर. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? खाती, गोदामं, कामगारांच्या खोल्या, सगळ्यावर छप्पर. ज्या छपराखाली कामगार कपडे बदलत होता, त्याखालच्या जमिनीतला शहराचा आणि घरांचा वाटा त्या छपरामुळेच गेला. बंद गिरण्या पुन्हा चालवायला पैसा उभा राहावा म्हणून हा बदल केला, असं समर्थन झालं. पण उभे राहिले मॉल आणि टॉवर. ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरली. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि 2001 चा बदल कायम राहिला. या शहराच्या अलीकडच्या इतिहासात इतका महाग पडलेला निर्णय दुसरा नसेल.

गिरण्यांच्या जमिनीतून मिळायच्या घरांसाठी अर्ज केलेल्या कामगारांची आणि वारसांची संख्या लाखाच्या वर गेली. पात्रतेसाठी 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असणं आवश्यक ठरलं. पुरावा म्हणून तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक असे कागद मागितले जातात.