रँडमाइज बटण आणि रँडम एलएफओ एकच नाही भो

आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात आता गल्लोगल्ली अहिराणी गाणी बनतात, लॅपटॉप, साउंड कार्ड, एक माइक, झाला स्टुडिओ. आणि नव्या पोरांचा ठरलेला प्रश्न, सिंथमधलं (सिंथ म्हणजे आवाज बनवणारं वाद्य किंवा सॉफ्टवेअर) रँडमाइज दाबलं काय आणि एलएफओला (एखादी सेटिंग आपोआप सावकाश वरखाली हलवणारी लहर) रँडम शेप लावला काय, शेवटी एकच ना? नाही ना भाऊ.

रँडमाइज दाबलं की त्या क्षणी नॉब्सना नव्या व्हॅल्यू मिळतात आणि विषय संपला. मग तो आवाज कितीही वेळा वाजवा, तसाच. रँडम एलएफओचं उलटं आहे, तिथे नॉब जागचा हलत नाही पण व्हॅल्यू त्याच्याभोवती गाणं चालू असेपर्यंत हलतच राहते. म्हणजे पहिलं आवाज शोधायला, दुसरं सापडलेल्या आवाजात हालचाल आणायला.

आता रँडमाइजवर सगळ्यांची तक्रार असते की दहातले नऊ आवाज भंगार येतात. येणारच की! यामाहाचा १९८३ चा डीएक्स ७ सिंथ घ्या, ६ ऑपरेटर (आवाज बनवणाऱ्या लहरी), ३२ अल्गोरिदम (त्या एकमेकींना जोडायच्या पद्धती), एका आवाजात जवळपास दीडशे सेटिंग, आणि ऑपरेटरचे रेशो (फ्रिक्वेन्सीचं प्रमाण) आडवेतिडवे पडले की सूर राहतच नाही, भांडी आपटल्यासारखा आवाज येतो. कधी तर काहीच वाजत नाही, पोरगं समजतं प्लगइन हँग झालं, आणि बघायला गेलं तर अँप एन्व्हलपचा अटॅक (आवाज पूर्ण चढायला लागणारा वेळ) चार-पाच सेकंदांवर गेलेला, हलगीच्या ठेक्यावर बोट मारून सोडलं तर आवाज येणार कुठून? म्हणून ट्युनिंग, व्हॉल्यूम, अटॅक आणि रिलीज (बोट सोडल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ) यांना रँडमाइजपासून लांब ठेवायचं. एबलटन लाइव्ह ११ या म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये (२०२१ चं) रॅकला (एकत्र बांधलेले सिंथ आणि इफेक्ट) रँड बटण आलं, ते फक्त मॅक्रो (अनेक सेटिंग एकदम फिरवणारे नॉब) फिरवतं, १६ पर्यंत, आणि नको तो मॅक्रो राइट क्लिक करून वगळता येतो. लॉजिक सॉफ्टवेअरच्या ईएस२ सिंथमध्ये तर किती बदलायचं याची टक्केवारीच ठरवता येते, आणि फक्त फिल्टर किंवा फक्त वेव्ह फिरव असंही सांगता येतं. मला हेच आवडतं, बरा आवाज धरायचा आणि थोडासाच हलवायचा. आणि हेडफोन घालून करत असाल तर मास्टरवर लिमिटर (आवाज ठराविक पातळीवर जाऊ न देणारा) लावा, फिल्टरचा रेझोनन्स (एकाच जागी आवाज टोकदार करणारी सेटिंग) वर गेला की कान बधिर.

रँडम एलएफओत जुना प्रकार म्हणजे सँपल अँड होल्ड. ठराविक वेळाने एक व्हॅल्यू उचलायची, पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवायची, मग दुसरी. फिल्टर कटऑफला (आवाज कुठून कापायचा ती जागा) १/१६ नोटच्या वेगावर लावा, जुन्या पिक्चरमधला कॉम्प्युटर बडबडतोय असं वाटेल. व्हायटल नावाचा सिंथ आहे, फुकटात मिळतो, त्यात सँपल अँड होल्डसोबत पर्लिन पण आहे, ते पायऱ्या न करता सावकाश वळतं, पॅडला (मागे लांब वाजत राहणारा आवाज) एकदम भारी. पिचला लावताना मात्र हात आखडता, ४-५ सेंटपर्यंत गोड लागतं, पण सनईसारख्या लीडवर (मुख्य चाल वाजवणारा आवाज) २०-२५ सेंट दिले की गायक आपल्याकडे बघतो आणि आपण गायकाकडे, बेसूर कोण ते ठरत नाही. (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन.)

पियानो रोलमधलं (नोटा मांडायची खिडकी) रँडमाइज, एफएल स्टुडिओ सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट+आर, हे तिसरंच. त्याचं काम नोटांवर आणि व्हेलॉसिटीवर (नोट किती जोरात वाजते त्यावर).

सेव्ह करताना पण दोघांचं वेगळं. रँडमाइजमधून आवडता आवाज निघाला की पुढचं क्लिक करायच्या आधी प्रीसेट सेव्ह करा, दहा क्लिकनंतर अनडू तुम्हाला तिथपर्यंत नेईलच असं नाही. रँडम एलएफओला प्रीसेट सेव्ह करून भागत नाही, कारण बहुतेक वेळा प्रत्येक एक्सपोर्टला हालचाल वेगळी पडते. आवडलेला टेक लगेच ऑडिओत बाउन्स करायचा (म्हणजे ऑडिओ फाइल बनवून ठेवायची), नाहीतर गायक दुसऱ्या दिवशी येऊन म्हणणार "माले कालनाच आवाज जोयजे" आणि तो कालचा आवाज प्रोजेक्टमध्ये कुठेच नसणार.