महूची छावणी, युक्रेनचे ब्रेकर

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि त्यापाठोपाठ इंदूरजवळ इंग्रजांची महू छावणी वसली. फौजेचं दळणवळण शिकवणारी संस्था इथे दुसऱ्या महायुद्धानंतर आली. १९६७ पासून तिचं नाव मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग. तार आणि वायरलेसपासून सुरू झालेला हा विषय आता सायबर सुरक्षेपर्यंत आला आहे. तिन्ही दलांची डिफेन्स सायबर एजन्सी मात्र २०१९ ची.

तोवर जगात बरंच घडून गेलं होतं. २००७ मध्ये एस्टोनियातल्या बँका आणि सरकारी संकेतस्थळं संगणकांवरून धाडलेल्या खोट्या मागण्यांच्या लोंढ्याने ठप्प झाली. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक सॉफ्टवेअरने इराणमधल्या नतान्झ अणुकेंद्रातली युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं बिघडवली, आणि तेही पडद्यावर सगळं सुरळीत दाखवत.

इंदूरसारख्या शहराने नीट वाचावी अशी घटना २३ डिसेंबर २०१५ ची, युक्रेनमधली. तीन वीज वितरण कंपन्यांत घुसखोरी झाली होती, तीही कित्येक महिने आधी. ईमेलसोबत आलेल्या ऑफिस फाइलमधला मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये दडलेला छोटा प्रोग्रॅम, कुणीतरी चालू केला. तिथून पासवर्ड चोरीला गेले. नियंत्रण कक्षाच्या जाळ्यात व्हीपीएनने, म्हणजे बाहेरून जोडून घेण्याच्या खासगी वाटेने, शिरायला पासवर्डखेरीज दुसरी कुठलीच खात्री लागत नव्हती. त्या दुपारी ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउस आपोआप फिरू लागला आणि एकेक ब्रेकर, म्हणजे सबस्टेशनमधला मोठा स्विच, उघडून वीज तोडत गेला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची लाइट गेली. सबस्टेशनांशी जोडणाऱ्या उपकरणांचं फर्मवेअर, म्हणजे ती चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, पुसलं गेलं, त्यामुळे दुरून ब्रेकर बंद करून वीज पुन्हा जोडायची सोयही उरली नाही. तक्रारीच्या फोनवर खोट्या कॉलचा मारा झाला.

तरीही एक ते सहा तासांत वीज परतली, कारण लोकांनी सबस्टेशनवर जाऊन हाताने ब्रेकर बंद केले. जुनाट म्हणून हिणवली जाणारी ही पद्धतच तिथे कामी आली. सगळं स्वयंचलित करून माणसं कमी केलेल्या कंपनीला हे इतक्या लवकर जमलं नसतं, असं आमचं मत. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंपाने चढून येतं. वीज अडली की नळही अडतो.

भारतात २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या प्रशासकीय जाळ्यातल्या एका संगणकात मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडलं. अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणा वेगळी असल्याने सुरक्षित राहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई अंधारात गेली त्यामागे चिनी हात असल्याची चर्चा खूप झाली, पण केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक सांगितलं. अशा प्रकरणांत बोट दाखवण्याची घाई नको.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे संगणकांवरच्या घडामोडींच्या नोंदी, जपावे लागतात. युक्रेनमधले घुसखोर सहा महिन्यांहून जास्त आत बसले होते. म्हणजे किमान मुदतीपुरतेच लॉग ठेवणाऱ्या कंपनीकडे पहिल्या ईमेलची नोंद तपासाच्या दिवशी उरलेलीच नसेल.