सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०: हाफ लाइफ सारखी, मातीत गेल्यावर मात्र दोन दिशा

चेर्नोबिलचा, म्हणजे युक्रेनमधल्या १९८६ च्या अणुभट्टी अपघाताचा, विषय निघाला की ह्या दोन किरणोत्सर्गी पदार्थांची नावं जोडीनेच येतात. दोन्ही युरेनियम फुटल्यावर तयार होतात, हाफ लाइफ (निम्मा पदार्थ संपायला लागणारा काळ) पण जवळपास सेम, साधारण ३० आणि २९ वर्षं, त्यामुळे बरेच जण धरूनच चालतात की जमिनीत पडल्यावर दोघांचं सारखंच होणार. तसं अजिबात होत नाही, आणि कारण आहे मातीतली खनिजं.

सिझियमचा स्वभाव पोटॅशियमसारखा. आता अभ्रक किंवा इलाइटसारखी चिकणमातीतली खनिजं घ्या, पापुद्र्यावर पापुद्रा आणि मधे पोटॅशियम बसलेलं. झिजून झिजून ह्या पापुद्र्यांच्या कडा उकलतात, सिझियम नेमकं तिथे शिरतं, मग कड मिटते आणि ते आत अडकतं ते सहसा सुटतच नाही. जपानमधल्या फुकुशिमात २०११ च्या अणुभट्टी अपघातानंतर बहुतेक सिझियम वरच्या ५ सेंटीमीटर मातीत सापडलं ते ह्यामुळेच, म्हणून तर वरचा थर खरवडून काढायचा उपाय चालला. अर्थात पुरात गाळ वाहिला की त्याला चिकटलेलं सिझियमही वाहतं.

पण चिकणमातीच कमी असेल तर? १९८६ मधे चेर्नोबिलनंतर इंग्लंडमधल्या कंब्रियात आणि वेल्सच्या डोंगरांवर पावसाबरोबर सिझियम पडलं, तिथली जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची. धरून ठेवायला खनिज पुरेसं नाही, म्हणून सिझियम गवतात आणि गवतातून मेंढ्यांत. काही फार्मवरचे मेंढ्यांच्या विक्रीवरचे निर्बंध थेट २०१२ ला उठले. चेर्नोबिलपासून इतक्या लांब राहणाऱ्या त्या मेंढपाळांनी २६ वर्षं हे सोसलं, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या वळणाचं, दोन पॉझिटिव्ह चार्जवालं. चिकणमातीला ते वरवर चिकटतं, आणि पाण्यातून कॅल्शियम आलं की जागा सोडतं आणि पाण्याबरोबर निघतं, खाली भूजलात नाहीतर नदीत. जानेवारी १९९१ मधे चेर्नोबिलजवळच्या प्रिपयात नदीत बर्फ अडकून पाणी चढलं, काठची दूषित जमीन बुडाली आणि नदीतलं स्ट्रॉन्शियम वाढलं, नंतर तिथे बांध घालावा लागला. शरीरातही ते कॅल्शियमच्याच वाटेने जातं, दुधातून हाडांत.

मोजायलाही स्ट्रॉन्शियमच जास्त त्रासाचं. सिझियममुळे गॅमा किरण निघतात, ते मातीच्या नमुन्यात सरळ मोजता येतात, स्ट्रॉन्शियम फक्त बीटा कण सोडतं, ते मातीतच अडतात, म्हणून लॅबमधे आधी केमिकल प्रक्रिया करून स्ट्रॉन्शियम वेगळं काढावं लागतं.